पट्ट्यातून उतरवलेली कडी

“हिला काढा. हिच्यावाचून चालेल.”

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. बोलणारा वाकलासुद्धा नव्हता. हातातल्या काठीनं त्यानं मला नुसतं दाखवलं आणि तो पुढच्या कामाला लागला. त्यानंतर माझ्या अंगावर ऊन पडलं, पाणी पडलं, गंज चढला, घासून काढला गेला, पुन्हा चढला. ते वाक्य मात्र घासलं गेलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराची नव्हे, की पेटीची नव्हे. रणगाड्याच्या पट्ट्यातली. आकारानं तुमच्या दप्तराएवढी, पण उचलायला गेलात तर दोघं लागाल आणि तरी दमाल. सध्या मी एका बैठ्या घराच्या दाराशी असते. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवतात. येणारे जाणारे मला दगड समजतात. एकदा एका पोस्टमननं माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली होती. मला वाईट वाटलं नाही. माझ्यावरून याहून जड गोष्टी गेलेल्या आहेत.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. लालभडक रस साच्यात पडला, थंड झाला, आणि साचा फोडून मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना कान होते, कानांना भोकं होती. एक बाई कानशीनं माझ्या कडा घासायची. घासता घासता ती स्वतःशी गुणगुणायची. गाणं कसलं होतं ते मशीनच्या आवाजात कधी कळलं नाही. मग माझ्या कानात शेजारणीचे कान बसवले, भोकांतून एक लांब खीळ आरपार घातली, आणि आम्ही एकमेकींच्या झालो. अशा पुष्कळ जणी एकीला एक जोडल्या की पट्टा होतो. रणगाड्याच्या एका बाजूला एक पट्टा, दुसऱ्या बाजूला दुसरा.

आता तुम्ही विचाराल, एवढं कशाला? सरळ चार नाहीतर आठ चाकं लावायची. ट्रकला असतात, बसला असतात, मग रणगाड्याला का नाहीत?

चिखलात कधी उभे राहिलात का? टाच रोवून उभं राहिलं की पाय आत जातो. तिथेच एखादी फळी टाकून तिच्यावर उभे राहा, फळी वरच राहते. तुमचं वजन तेवढंच असतं, फक्त ते पसरतं. गोल चाक जमिनीला टेकतं ते तळहाताएवढ्या जागेत. रणगाड्याचं सगळं वजन अशा थोड्याशा तळहातांवर आलं तर मऊ जमीन त्याला गिळून टाकील. चाक फिरेल, फिरता फिरता स्वतःचाच खड्डा खणील आणि त्यात पोटापर्यंत जाऊन बसेल. आम्ही मात्र खाली आडव्या पसरतो, दोन्ही बाजूंना, पुढपासून मागपर्यंत. एवढं लोखंडाचं धूड, पण जमिनीला ते एखाद्या माणसानं पाय रोवावा तेवढंच जाणवतं.

आणखी एक गंमत सांगते. रणगाड्याला चाकं असतातच. पण ती जमिनीवर चालत नाहीत, आमच्यावर चालतात. आम्ही म्हणजे त्यांचा रस्ता. पुढून रस्ता अंथरायचा, त्यावरून जायचं, मागून तो गुंडाळायचा आणि वरून पुन्हा पुढे आणायचा. जिथे रस्ता नाही तिथे आपला रस्ता आपल्याबरोबर. मध्ये चर आला तरी आम्ही या काठावरून त्या काठावर टेकतो आणि वरचं ओझं पार होतं. आणि रणगाडा धावत असला, तरी मी जमिनीला टेकलेली असते तेवढा वेळ जागची हलत नाही. सगळं धूड माझ्यावरून पुढे जातं, मी स्वस्थ पडून असते. मग शेपटाशी मला कुणीतरी उचलतं. माझ्या आयुष्यातले सुखाचे क्षण तेच. ते फार थोडे असत, पण पुन्हा पुन्हा येत.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. आमचा खडखडाट कोसभर ऐकू जातो. डांबरी रस्त्यावर आम्ही गेलो की रस्ता रडतो आणि आम्ही झिजतो. लांबच्या प्रवासाला आम्हालाच एका चाकांच्या गाडीवर चढवून नेतात. तेव्हा चाकं आमच्याकडे बघून हसत असतील.

झिजण्यामुळेच माझी ही गोष्ट घडली.

माझा रणगाडा चालवणारा माणूस कमी बोलायचा. त्याला नुसतं चालकच म्हणू. रोज सकाळी तो पट्ट्यावरून हात फिरवायचा, आपण जनावराच्या पाठीवरून फिरवतो तसा, आणि कुठली खीळ वर आली आहे ते बोटांनी ओळखायचा. त्याच गाडीत तोफेत गोळे भरायला एक जण होता. तो चालकाचा मेव्हणा, बायकोचा पाठचा भाऊ. त्याला सगळे खुळखुळा म्हणत, कारण तो आत शिरला की बाहेर येईपर्यंत वाजत असायचा. नकला, कोडी, जुळवलेली गाणी. हट्ट करकरून त्यानं दाजींच्या गाडीत जागा मिळवली होती, आणि पट्टा उघडायची वेळ आली की घण मारणाऱ्यांना ताल धरायला त्यानं एक गाणंही रचलं होतं:

हाण घण, हल खिळे, सोड कडीचा हात,
एक जण उतरली की बाकीच्या पार जात.

पट्टा का उघडायचा, तर ऐका. चालून चालून प्रत्येक खीळ झिजते, भोकं मोठी होतात, आणि सगळा पट्टा लांबतो, सैल पडतो. टोकाचं चाक पुढे सरकवून ताण धरायची सोय असते, पण तीही कधीतरी संपते. सैल पट्टा त्याला फिरवणाऱ्या चाकाच्या दात्यांवरून निसटला तर रणगाडा जागीच बसतो, आणि चिखलात बसलेला रणगाडा म्हणजे शत्रूला नुसतं लक्ष्य. त्यावर उपाय एकच. एक कडी काढायची आणि उरलेल्या पुन्हा जोडायच्या. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. जी काढतात ती तुटकी असते असं नाही. पट्टा जिथे उघडायला सोयीचा, तिथली जी हाताला लागेल ती.

आम्हाला एक मोठी दलदल ओलांडायची होती. पलीकडच्या टेकड्यांवर शत्रू होता. निघण्याआधी घरच्या माणसांना येऊन भेटायची परवानगी मिळाली. चालकाची बायको आली. खुळखुळा तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळी छावणीच तिला ताई म्हणू लागली. तिनं दोघांसाठी विणलेले पायमोजे आणले होते, एकाच रंगाचे, आणि ती दोघांना म्हणाली की अदलाबदल झाली तरी भांडू नका. माझ्या शेजारीच जमिनीवर बसून तिघं बोलली. म्हणजे बोलला खुळखुळाच. दलदलीत बेडूक आपल्याला रस्ता कसा विचारतील याची त्यानं नक्कल केली. चालकाचं लक्ष पट्ट्याकडे होतं. तो वैतागून म्हणाला, “तुझ्या या वाजण्यानं मला इंजिन ऐकू येत नाही. उद्या तरी तोंड मीट.” खुळखुळा हसला. ताई हसली नाही. ती कधी याच्याकडे बघत होती, कधी त्याच्याकडे, आणि दोघं ज्याच्या पोटात बसणार होते त्या लोखंडाकडे.

मग ती पाणी घेऊन येते म्हणून उठली आणि तुकडीच्या साहेबांच्या तंबूकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पाणी नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पाहिलं, पण माझ्या पाहण्यानं काय होणार?

ती गेल्यावर पट्टा उघडला. साहेब हातात काठी घेऊन तिथेच उभे होते. खुळखुळ्यानं गाणं धरलं, घण पडू लागले, आणि मी सुरुवातीला सांगितलेलं वाक्य मी तेव्हा ऐकलं. माझ्या दोन्ही शेजारणींचे कान एकमेकींत बसवले, खीळ ठोकली, आणि मी नव्हतेच अशी ती जागा मिटली. मला फेकून दिलं नाही. वाटेत एखादी तुटली तर जोडायला हवी, म्हणून रणगाड्याच्या पुढच्या अंगाला मला पट्टीनं आवळून टांगलं. तिथून मला पुढचं सगळं दिसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सगळे रांगेत उभे होते. साहेब आले आणि त्याच काठीनं त्यांनी खुळखुळ्याला दाखवलं.

“ह्याला काढा. ह्याच्यावाचून चालेल.”

त्याच्या जागी त्यांनी दुसऱ्या तुकडीतला एक उंच माणूस दिला. कारण सांगितलं नाही. सैन्यात ते विचारत नाहीत. खुळखुळ्याला मागच्या सामानाच्या ट्रकवर पाठवलं. जाताना त्यानं दाजींकडे पाहिलं. आदल्या दिवशीचं ‘तोंड मीट’ त्याच्या डोळ्यांत तसंच्या तसं होतं. चालकानं मान हलवली, मी साहेबांशी काही बोललो नाही, असं. पण आपण बोललो नाही हे मान हलवून कसं पटवणार?

दलदल आम्ही पार केली. मागचे ट्रक काठावरच रुतले, त्यांच्याखाली फळ्या घालत माणसं बसली. माझ्या बहिणींनी खाली चिखल दाबला, अंथरला, मागे टाकला. पट्टा ताठ होता. दात्यांवरून जरासुद्धा हलला नाही. ते मी टांगल्या जागेवरून पाहिलं. मला काढलं म्हणून तो ताठ होता, हे मला कळत होतं. तसं कळल्यानं फारसा फरक पडत नाही.

पलीकडच्या कोरड्या जमिनीवर सुरुंग फुटला. उजव्या पट्ट्याखाली, गोळे भरणारा बसतो त्या बाजूला. उंच माणूस गेला. आत बसताना तो मान वाकवून बसायचा, एवढंच मला त्याच्याबद्दल सांगता येतं. चालक वाचला, त्याचा एक पाय गुडघ्यापासून कायमचा आखडला. पट्ट्यातल्या एवढ्या जणी गेल्या की एकटी मी कुणाची जागा भरणार होते? जिच्यासाठी मला राखून ठेवलं होतं ती वेळ आली, आणि मी पुरले नाही.

पुढे ते धूड मोडीत निघालं. चालक काठी टेकत तिथे आला आणि पट्टी सोडवून त्यानं मला घेतलं. हे कशाला, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, दाराला लावीन.

तेव्हापासून मी या दाराशी आहे.

खुळखुळा सैन्यातून सुटला आणि स्वतःचा ट्रक चालवू लागला. ताईकडे तो येतच राहिला. कधी कोळशाचं पोतं घेऊन, कधी बटाट्यांचं, कधी नुसताच. पण उंबऱ्याच्या आत त्यानं पाऊल टाकलं नाही. माझ्या शेजारी पायरीवर बसायचा. ताई म्हणायची, आत ये की. तो म्हणायचा, “नको, बूट चिखलाचे आहेत.” पाऊस जाऊन जमिनीला भेगा पडल्या तरी त्याच्या बुटांना चिखलच असायचा. शेवटी ताई त्याचं जेवण पायरीवर आणून द्यायची आणि दारात उभी राहून तो जेवेपर्यंत बघत राहायची.

त्याचं ते वाजणं बंद झालं होतं. दाजींशी बोलायला त्याला एकच विषय उरला होता, तो म्हणजे चाकं आणि पट्टा. तो बाहेरून बोलायचा, चालक आत खुर्चीत बसून उत्तर द्यायचा, आणि मी मधोमध.

“आमची चाकं बघा दाजी. मुकाट येतात, मुकाट जातात. तुमचा पट्टा या गल्लीत शिरला तर अख्खी वस्ती उठून बसेल.”

“परवा तुझा ट्रक नदीच्या वाळूत बसला होता म्हणे.”

“बसला होता. निघाला.”

“खाली काय घातलंस?”

“काय घालणार, फळ्या.”

“मग झालं तर. फळी घालायची आणि पुढे जायचं, म्हणजेच पट्टा. तू उतरून घालतोस, पट्टा आपला आपण घालतो, एवढाच फरक.”

खुळखुळा यावर ताटाकडे वळायचा. एकदा मात्र तो माझ्याकडे बघत म्हणाला, “ही मात्र घालत नाही काही. हिला उतरवली.” आत खुर्ची करकरली. ताईच्या हातातून भांडं पडलं, आणि ते उचलायला ती खूप वेळ वाकून राहिली.

एवढंच होतं मित्रांनो, बाकी भांडण कधी झालंच नाही. शब्दाला शब्द लागला असता तर कदाचित बरं झालं असतं. ‘दाजींनी माझ्याबद्दल कागाळी केली आणि माझ्या जागेवर एक परका माणूस मेला,’ हे खुळखुळ्याच्या मनात पक्कं बसलं होतं. आपण काही केलेलं नसताना आपल्याला दोषी धरलं, हे चालकाच्या मनात. ताण धरायची सोय दोघांचीही संपली होती, आणि मधली खीळ ताई होती.

दरम्यान माझंही वय झालं. सुरुवातीला चालक मला आठवड्याला तेलाचा बोळा लावायचा. मग ऋतू बदलला की. मग त्याला वाकवेना. माझ्या कानात कोळ्यानं जाळं केलं, भोकात मुंग्या राहून गेल्या. लोखंडाला दुर्लक्षाचं दुःख होत नाही, फक्त त्याचा रंग बदलतो. पण तुम्हाला एक विनंती करते. तुमच्याही घरात एखादी जड, कुरूप, कशाची आहे ते न कळणारी वस्तू असेल. तिला अधूनमधून पुसा. ती कुठून आली ते मोठ्या माणसांना विचारा. ती आहेत तोवर विचारा. आणि तिला काढायचंच ठरलं तर खुशाल काढा, पण ‘हिच्यावाचून चालेल’ असं तिच्यासमोर म्हणू नका. माणसांच्या बाबतीत तर मुळीच नको. काढलेलं विसरता येतं. ते ऐकलेलं राहतं.

आता आजचं सांगते.

आज हे घर रिकामं होतं आहे. चालकाला पायऱ्या चढवत नाहीत, आणि ताईचे हात थरथरतात. दूरच्या शहरात मुलीच्या घराजवळ त्यांना एक खोली मिळाली आहे. सामान न्यायला खुळखुळाच ट्रक घेऊन आला. त्याचेही केस पिकलेत. सकाळपासून तो हमालांना दारातून हाका मारतो आहे. स्वतः आत येत नाही. हमाल आणतात, तो ट्रकमध्ये लावतो. ताईनं विचारलं, तिकडे येशील ना रे भेटायला? तो म्हणाला, लांब आहे, ट्रकही आता विकायचा आहे, बघू. हे ‘बघू’ कसलं आहे ते ताईला कळलं. मलाही कळलं.

खाट गेली, कपाट गेलं, खुर्ची तेवढी राहिली, तिच्यात चालक बसलेला. ताई जमिनीवर बसून कपबशा कागदात गुंडाळत होती. हमालांना दार पूर्ण उघडायचं होतं म्हणून खुळखुळ्यानं वाकून मला उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याचा हात माझ्या कानावरून फिरला, आणि त्याच्या घशात ते जुनं गाणं एक ओळभर आलं. हाण घण, हल खिळे. मग ते थांबलं.

“हिचं काय करायचं?” तो म्हणाला. “नव्या घराचं दार आपलं आपण बंद होतं म्हणे. टाका भंगारात. हिच्यावाचून चालेल.”

कागदाचा आवाज बंद झाला.

“ठेव तिला खाली,” ताई म्हणाली. “आत आण आणि ठेव.”

तिचा तो आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. मला पोटाशी धरून तो उंबरा ओलांडून आत आला. आपण आत आलो हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याच्या बुटांना चिखल नव्हता. मला त्यानं तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं.

ताईनं हातातला कप माझ्या पाठीवर ठेवला.

“साहेबांकडे मी गेले होते,” ती म्हणाली. “पाणी आणायला म्हणून उठले ना, तेव्हा. दोघं एका पेटीत नकोत, एकाला काढा म्हटलं. कोणाला, असं विचारलं त्यांनी. मी तुझं नाव सांगितलं. कारण सांगू नका, हेही मीच म्हटलं. ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं.”

खुळखुळा उभा होता तसाच खाली बसला.

“मग इतकी वर्षं का नाही बोललीस?”

“तुला काढलं की त्या जागी कुणीतरी बसणार, हे मला सुचलंच नाही रे. तो उंच माणूस बसला. त्यालाही बहीण असेल. मग कुठल्या तोंडानं बोलू? तू ह्यांच्यावर रागावलास, मी रागावू दिलं.”

बाहेर हमालांनी काहीतरी विचारलं. चालकानं काठी बाजूला ठेवली, पुढे वाकायचा प्रयत्न केला, आणि वाकून त्याचा हात माझ्यापर्यंत पोहोचला. बोटांनी तो माझी खिळेची भोकं चाचपत राहिला, रोज सकाळी चाचपायचा तशी.

“एकाला काढा म्हटलंस,” तो हळू म्हणाला. “माझं नाव का नाही घेतलंस?”

ताईनं त्याच्याकडे पाहिलं.

“तुमचंच घ्यायला गेले होते,” ती म्हणाली. “तोंडातून ह्याचं निघालं.”